अश्राप

मराठीत निर्दोषपणा सांगणारे शब्द मोजावयास बसले तर दोन्ही हातांची बोटे पुरत नाहीत. निष्पाप, निर्दोष, निरपराध, निरागस, निर्व्याज, निष्कपट, निष्कलंक, भोळा, भाबडा, अजाण, गरीब, बिचारा. आणि या सगळ्यांच्या मागे, थोडासा अंग चोरून उभा असलेला, अश्राप. श्रोतेहो, आज या शेवटच्या शब्दाची थोडी चौकशी करावयाची आहे. वर्तमानपत्राच्या मथळ्यात तो फारसा येत नाही. न्यायालयाच्या निकालपत्रात तर येतच नाही. घरातील वडीलधाऱ्या बायकांच्या तोंडी मात्र तो अद्याप ऐकू येतो. ‘अश्राप पोर ते, त्याला कशाला मारलंत?’ ‘अश्राप जनावर, त्याला काय कळतंय?’ किंवा शेजारच्या सुनेविषयी हळू आवाजात, ‘अश्राप पोरगी, घरात पाऊल टाकल्यापासून नुसतं सोसतेय.’

या शब्दाचा अर्थ वर्गात विचारला की उत्तर ठरलेले असते: ज्याला श्राप नाही तो अश्राप. शब्द फोडून दाखविण्याची सवय आम्हा शिक्षकांनीच मुलांना लावलेली असते. ‘अ’ हा नकार, पुढे ‘श्राप’, झाला बहुव्रीही. उत्तर इतके नेटके आहे की त्यावर तांबडी रेघ ओढताना हात थबकावा. पुष्कळ सुशिक्षित माणसेही हीच व्युत्पत्ती खरी धरून चालतात.

परंतु जरा हलवून पाहिले तर सांधा ढिला लागतो. संस्कृतात शब्द आहे तो ‘शाप’. त्यात ‘र’ शिरला तो लोकांच्या तोंडी. खेड्यात त्याचा ‘सराप’ही होतो. ज्याला शाप लागला तो संस्कृतात ‘शप्त’ आणि ज्याला लागला नाही तो ‘अशप्त’. ‘अश्राप’ हा शब्द जर ‘श्राप’ याच्यापासून झाला असता, तर ‘अशाप’ असे त्याचे शुद्ध भावंड कोठेतरी भेटावयास हवे होते. ‘श्राप’ लिहिणाऱ्याला ‘शाप’ लिही म्हणून सांगणारे पंडित आपल्याकडे उदंड झाले. ‘अश्राप’ याचा ‘अशाप’ कर, असे कोणी सांगितल्याचे ऐकिवात नाही. आणि अर्थाचे काय? ज्याला कोणाचाही शाप नाही तो माणूस भाग्यवान असावयास हवा. त्याची गुरे दुभती, त्याचे शेत पिकते, त्याची लेकरे सुखात. आपण अश्राप म्हणतो तो नेमका उलट असतो. ज्याचे काही चुकलेले नाही आणि तरीही ज्याच्या वाट्याला मार येतो, तो अश्राप. शापावाचून भोगणारा म्हणा हवे तर. पण शापमुक्त खचित नव्हे.

या शब्दाचे खरे मूळ सापडते ते अरबी भाषेत. कोशांत ‘अश्राप’ याच्या शेजारी ‘अश्राफ’ असे दुसरे रूप दिलेले असते, आणि हा ‘अश्राफ’ म्हणजे ‘शरीफ’ या शब्दाचे अनेकवचन. मी राहतो त्या हैदराबादच्या सुलतान बाजारात या मुळाचा माग काढण्यास कोशाचीसुद्धा गरज पडू नये. हा भाग एके काळी रेसिडेन्सी बाजार म्हणून ओळखला जाई. ब्रिटिश रेसिडेंटाच्या अमलातून तो १९३३ साली निजामाकडे परत आला आणि त्याचे नाव सुलतान बाजार झाले. येथील कापडाच्या दुकानापुढे पाच मिनिटे उभे राहिले तर तेलुगू, उर्दू, मराठी, मारवाडी अशा चार भाषा कानांवरून जातात, आणि उर्दूतला ‘शरीफ’ त्यांत असतोच. ‘बडा शरीफ लडका है’ असे दुकानदार आपल्या नोकराविषयी सांगतो, तेव्हा तो मुलगा नवाबाच्या घराण्यातला आहे असे त्याला म्हणावयाचे नसते. मुलगा कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, उलट उत्तर देत नाही, एवढेच त्याला सांगावयाचे असते.

मुळात मात्र शरीफ म्हणजे थोर, कुलीन. अरबी शब्दाचा सांगाडा तीन व्यंजनांचा असतो आणि स्वर बदलून त्याच सांगाड्यातून शब्दांचे एक कुटुंब उभे राहते. श-र-फ या सांगाड्यात उंचीची आणि मानाची कल्पना आहे. शरफ म्हणजे मान. शराफत म्हणजे कुलीनपणा, सभ्यता. पाहुण्याला ‘तशरीफ रखिए’ म्हणतात, त्यातही आपल्या येण्याने या जागेला मान द्या, असाच भाव आहे. निजामाच्या टांकसाळीतून निघणारी सोन्याची अशरफी हीसुद्धा याच कुळातली. पंधराव्या शतकातील मिसरचा सुलतान अल-अशरफ बार्सबाय याच्या नाण्यावरून ते नाव पडले. आमच्या बाजारातला सराफ मात्र या कुटुंबातला नव्हे. त्याचा ‘स’ निराळा आणि मूळही निराळे; तो नाणी पालटून देणारा.

शरीफ एक, अश्राफ अनेक. हिंदुस्थानातील मुसलमान समाजात ‘अश्राफ’ हा शब्द एका वर्गाचे नावच होऊन बसला. जे आपले कूळ अरबस्तान, इराण, तुर्कस्तान किंवा अफगाणिस्तान येथून आलेले सांगत ते सय्यद, शेख, मोगल, पठाण हे अश्राफ. आणि विणकर, पिंजारी, बागवान असे येथल्याच मातीतून आलेले कष्टकरी ते अजलाफ, म्हणजे हलके. इस्लामच्या शिकवणीत या भेदाला आधार नाही असे कित्येक मुसलमान विचारवंत सांगत आले आहेत. व्यवहारात तो नांदत आला. तात्पर्य, आपल्या या गरीब मराठी शब्दाचा जन्म चांगल्या उंच हवेलीत झालेला आहे.

अश्राफचा अश्राप कसा झाला, हे सांगणे सोपे आहे. पोर रोज पाठीवर घेऊन शाळेत जाते ते दप्तर फारसीत ‘दफ्तर’ आहे. आपला हप्ता म्हणजे ‘हफ्ता’, सात दिवसांचा आठवडा. एखाद्यावर मर्जी खप्पा होते, तेथे मूळचा ‘खफा’ आहे. पांढऱ्या सपेत धोतरातला ‘सपेत’ म्हणजे ‘सफेद’. फारसी-अरबी ‘फ’ मराठी ओठांवर आला की त्याचा ‘प’ होणे ही नित्याची गोष्ट आहे. अनेकवचन एकवचनासारखे वापरले गेले, यातही नवल नाही. ‘उमराव’ हे ‘अमीर’ याचे अनेकवचन, ‘नवाब’ हे ‘नाइब’ याचे, ‘औलाद’ हे ‘वलद’ याचे. आपण एका माणसाला खुशाल उमराव म्हणतो आणि एकाच कार्ट्याला औलाद म्हणून शिवी देतो. परक्या भाषेतील वचनाचे सोयरसुतक मराठीने कधी पाळले नाही.

या उच्चारबदलाचा एक गमतीचा परिणाम झाला असावा असे मला वाटते. अश्राफ हा शब्द पाहताच परका वाटतो. अश्राप मात्र सोवळे नेसून पंगतीत बसलेला दिसतो. फारसीचे प्राध्यापक माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव ज्युलियन, यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध केला आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे मोठे कैवारी झाले. त्या चळवळीत कितीतरी शब्दांना घराबाहेर जाण्याची नोटीस मिळाली. पण अश्रापाच्या वाटेला सहसा कोणी गेले नाही. शुद्धीच्या अभिमान्यांनीसुद्धा तो शब्द अस्सल आपला म्हणूनच लिहिला असेल. तो आपलाच आहेही म्हणा. इतकी वर्षे घरात राहिलेल्याला पाहुणा कोण म्हणेल?

आता अर्थाचा प्रवास. कुलीन माणसाकडून सभ्य वागणुकीची अपेक्षा असते. म्हणून कुलीन याचा अर्थ सभ्य. सभ्य माणूस आवाज चढवीत नाही, धक्काबुक्की करीत नाही. म्हणून सभ्य याचा अर्थ सौम्य. सौम्य माणूस कोणाला इजा करीत नाही. म्हणून सौम्य याचा अर्थ निरुपद्रवी. आणि निरुपद्रवी माणसाला कोणी मारले तर तो मार अकारण ठरतो. पायरीपायरीने हवेलीतून अंगणात आणि अंगणातून गोठ्यात. इंग्रजीत ‘जेंटल’ हा शब्द अगदी याच जिन्याने उतरला. लॅटिनमध्ये ‘जेन्स’ म्हणजे कूळ; त्यावरून जेंटल म्हणजे चांगल्या कुळातला; मग सभ्य, मग मवाळ, आणि शेवटी लाथ न मारणारा घोडासुद्धा जेंटल. आपला ‘गरीब’ दुसऱ्या वाटेने त्याच ठिकाणी पोचला. अरबीत गरीब म्हणजे परका, परदेशी. परक्या गावात माणूस निराधार, म्हणून दरिद्री. दरिद्री माणूस आवाज करीत नाही, म्हणून गरीब स्वभावाचा. आणि मग गरीब गाय. वरून उतरलेला अश्राफ आणि वेशीबाहेरून आलेला गरीब मराठीत एकाच दावणीला बांधले गेले.

असे उतरणारे शब्द पुष्कळदा तेथेच थांबत नाहीत. चांगुलपणाचे शब्द घसरत घसरत मूर्खपणाच्या डबक्यात जातात, हा सर्व भाषांतला अनुभव आहे. इंग्रजी ‘सिली’ याचा मूळ अर्थ धन्य, देवाचा आशीर्वाद लाभलेला. आज तो केवळ खुळा. फ्रेंच भाषेत मंदबुद्धीच्या माणसाला ‘क्रेतँ’ म्हणतात, तो शब्द आल्प्स पर्वताकडील बोलीतला असून त्याचा मूळ अर्थ आहे ‘ख्रिस्ती’. हाही शेवटी देवाचा माणूसच, अशा करुणेने लावलेल्या नावाची पुढे शिवी झाली. आम्हा ख्रिस्ती लोकांना हे ऐकून थोडे हसू येते, थोडे वाईटही वाटते. मराठीत भोळा याचा भोळसट झाला. साळसूद हा तर आता ढोंग्यालाच शोभतो. अश्राप मात्र या घसरगुंडीवरून गेला नाही. अश्राप माणसाला कोणी मूर्ख समजत नाही. त्याला फसविता येते, मारता येते. हसता येत नाही.

याचे कारण काय असावे? मला वाटते, मुलांच्या त्या चुकीच्या व्युत्पत्तीनेच हा शब्द सावरला. एकदा त्यात लोकांना श्राप ऐकू येऊ लागला की त्याला एक धार आली. अश्रापाला दुखवू नये, दुखविले तर श्राप लागेल, अशी धास्ती शब्दाच्या आवाजातच भरली. शास्त्राने खोटी ठरविलेली व्युत्पत्ती व्यवहारात असे खरे काम करून जाते. त्या उत्तराला मी पूर्ण गुण देत नाही. शून्यही देत नाही.

आता त्या ‘अ’कडे पुन्हा एकदा पाहू. निर्दोषपणाचे बहुतेक शब्द नकारावर उभे आहेत. निष्पाप म्हणजे पाप नसलेला, निष्कलंक म्हणजे डाग नसलेला. ‘निरपराध’ यात मोठी सुंदर गोष्ट दडली आहे. ‘अप’ आणि ‘राध्’ यांचा मूळ अर्थ नेम चुकणे. ज्याचा बाण लक्ष्यावर लागत नाही अशा धनुर्धराला संस्कृतात ‘अपराद्धपृषत्क’ म्हणतात. नव्या करारात पापाला जो ग्रीक शब्द येतो, ‘हामार्तिया’, त्याचाही मूळ अर्थ नेम चुकणे हाच. दोन दूरच्या समाजांनी पापाकडे पाहताना डोळ्यांपुढे तोच चुकलेला बाण आणला. ‘निरागस’ यात ‘आगस्’ म्हणजे अपराध आहे. ऋग्वेदात शुनःशेपाच्या नावावर असलेल्या सूक्तात वरुणापाशी मागणे आहे ते अदितीपुढे ‘अनागस्’ होण्याचे. आणि शाकुंतलाच्या पहिल्या अंकात तापस दुष्यंताला बजावतो की राजाचे शस्त्र पीडितांच्या रक्षणासाठी आहे, निरपराध्यावर प्रहार करण्यासाठी नव्हे, तेथेही ‘अनागस्’ हाच शब्द आहे. एवढ्या गंभीर घराण्यातला निरागस आज बाळाच्या हसण्यापुरता उरला आहे. लॅटिन ‘इनोसंट’ म्हणजे इजा न करणारा. शुभवर्तमानात प्रभू शिष्यांना सर्पांचे चातुर्य आणि कबुतरांचा साधेपणा अंगी बाणवावयास सांगतो, तेथे साधेपणासाठी जो ग्रीक शब्द आहे त्याचा अर्थ भेसळ नसलेला. पाणी न घातलेल्या द्राक्षारसाला आणि मिश्रण नसलेल्या धातूला तो लावीत.

सगळीकडे नाही, नाही, नाही. जणू माणसाला आधी दोष कळतो आणि मग तो वजा करून निर्दोष कळतो. अश्रापातला ‘अ’ही तसाच नकार आहे असे दिसते, पण तो नकार नाही. तो अरबी अनेकवचनाच्या साच्याचा भाग आहे. अश्राप काहीतरी नसलेला नव्हे, काहीतरी असलेला आहे. असाच दुसरा शब्द आमच्या गल्लीत रोज ऐकू येतो, ‘मासूम’. त्याचे मूळ रक्षण करणे या अर्थाचे. मासूम म्हणजे ज्याला पापापासून राखले गेले आहे तो. शिया पंथीय आपल्या प्रेषिताला, त्यांची कन्या फातिमा हिला आणि बारा इमामांना मासूम मानतात, असे ते चौदा. ज्या कुतुबशाहीने हे शहर वसविले ती शिया पंथाची होती. तेव्हा हा शब्द येथे चारशे वर्षांचा रहिवासी आहे. कॅथलिक धर्मसभेने १८५४ साली पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सिद्धांत घोषित केला. मूळ पापाच्या डागापासून देवाने तिला पहिल्या क्षणापासून राखले, असे तो सांगतो. आमच्या शब्दात नकार आहे, त्यांच्या शब्दात राखणे आहे. कल्पना एकमेकींच्या किती जवळ येतात पाहा.

अश्रापाची आणखी एक खोड आहे, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. ‘मी निर्दोष आहे’ असे आरोपी म्हणतो. ‘मी निरपराध आहे’ असेही म्हणता येते. ‘मी साधाभोळा माणूस’ असे तर पुढारी रोज म्हणतात. ‘मी अश्राप आहे’ असे कोणी म्हणत नाही. म्हणून पाहा, वाक्य जिभेवर टिकत नाही. हा शब्द नेहमी दुसऱ्याने उच्चारावयाचा असतो. तो साक्षीदाराचा शब्द आहे. ज्याच्याविषयी तो वापरतात तो बहुधा मुका असतो: तान्हे मूल, जनावर, तोंड न उघडणारी सून, किंवा मेलेला माणूस.

२८ डिसेंबर या दिवशी आमच्या देवळांत हेरोदाने मारविलेल्या बेथलेहेमच्या बालकांचा सण पाळतात. मत्तयच्या शुभवर्तमानात त्यांना निष्पाप किंवा निर्दोष असे कोणतेही विशेषण नाही. दोन वर्षांची आणि त्याहून लहान मुले, एवढेच तेथे आहे. ‘इनोसंट’ हे नाव त्यांना पुढे धर्मसभेने दिले. लॅटिनमध्ये तान्ह्या मुलाला ‘इन्फान्स’ म्हणतात, म्हणजे ज्याला बोलता येत नाही तो. आणि त्या दिवसाच्या प्रार्थनेत म्हटले आहे की या मुलांनी बोलून नव्हे, मरून साक्ष दिली. स्पेनमध्ये त्याच दिवशी लोक एकमेकांना फसवितात आणि फसलेल्याला ‘इनोसेंते’ म्हणून चिडवितात. म्हणजे तेथेही शब्द घसरलाच. मला विचाराल तर त्या बालकांना मराठीत अश्राप म्हणावे.

ही साक्ष देणे वाटते तितके सोपे नाही. हैदराबाद संस्थानाने १९४८ साली ते पाहिले. मे महिन्यात बिदरकडील गोरटा गावी रझाकारांनी कत्तल केली. सप्टेंबरच्या १३ तारखेला भारतीय सैन्य संस्थानात शिरले, १७ तारखेला निजामाने शरणागती दिली. आणि त्यानंतर मराठवाड्यात व इतरत्र सूडाची जी लाट आली तिच्यात मुसलमान वस्त्या सापडल्या. केंद्र सरकारने चौकशीसाठी पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा केला. तो अहवाल दीर्घकाळ लोकांसमोर आला नाही. २०१३ पासून तो अभ्यासकांना पाहावयास मिळू लागला. त्या वर्षाच्या आठवणी ऐकताना एक गोष्ट माझ्या कानांना जाणवत आली आहे. प्रत्येक घरात आपली माणसे अश्राप असतात. पलीकडच्या गल्लीतल्या मेलेल्याविषयी बोलताना ‘सापडला’, ‘गेला’, ‘त्यांचेही बरेच मेले’ अशी क्रियापदे येतात. विशेषण येत नाही.

विद्यार्थी असताना नांदेड जिल्ह्यातल्या एका मराठा आजीबाईंशी माझे बोलणे झाले होते. १९४८ साली त्या दहा-अकरा वर्षांच्या होत्या. गावात बोरे, पेरू विकणारा एक बागवान होता. त्या सप्टेंबरात तो कसा मारला गेला, ते त्यांनी थोडक्यात सांगितले. कोणी मारले, ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. थोडा वेळ त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘अश्राप माणूस होता रे. आम्हा पोरींना पैशाला ओंजळभर बोरं मापायचा, आणि वर चार घालायचा.’